कॅनडात पीआरची वाट पाहताना ब्रिजिंग ओपन वर्क परमिट: कधी, कोणत्या क्रमाने आणि काय सांभाळून

“आयटीए आलं आहे, परमिट पुढच्या आठवड्यात संपतंय, आता ब्रिजिंगला अर्ज टाकू ना?” हा प्रश्न मला वर्षभरात अनेकदा येतो आणि दर वेळी पोटात गोळा येतो. ब्रिजिंग म्हणजे पीआरचा, म्हणजे कायमच्या निवासाचा, निर्णय येईपर्यंत कोणत्याही मालकाकडे काम करू देणारं परमिट. उत्तर असं आहे, की नुसत्या आयटीएवर, म्हणजे पीआरला अर्ज करण्याच्या आमंत्रणावर, ब्रिजिंग मिळत नाही. आधी पीआरचा पूर्ण अर्ज जायला हवा, मग त्याची पोच म्हणजे एओआर हातात यायला हवी, मग ब्रिजिंगचा अर्ज. आणि हे सगळं हातातलं वर्क परमिट जिवंत असताना.

नाकारले गेलेले जे अर्ज मी पाहिले, त्यांतले बहुतेक अपात्र लोकांचे नव्हते. माणूस पात्र होता, नोकरी चांगली होती, गुणही पुरेसे होते. चुकला होता तो क्रम किंवा एखादा कागद. म्हणून हा लेख त्या क्रमानेच लिहिला आहे. वरून खाली वाचा, मधली पायरी गाळू नका.

## पायरी १: हा मार्ग तुमच्यासाठी आहे का, ते आधी ठरवा

ब्रिजिंग ओपन वर्क परमिट ठरावीक आर्थिक वर्गांतून पीआर मागणाऱ्यांसाठी आहे. एक्सप्रेस एन्ट्री या गुणांवर निवड करणाऱ्या पद्धतीतले तिन्ही कार्यक्रम, म्हणजे कॅनेडियन एक्स्पिरियन्स क्लास, फेडरल स्किल्ड वर्कर आणि फेडरल स्किल्ड ट्रेड्स, त्यात येतात. प्रांताचं नॉमिनेशन, म्हणजे पीआरसाठी प्रांताची शिफारस, घेतलेले लोक येतात. क्युबेकच्या कुशल कामगारांसाठी वेगळ्या अटींसह हीच सोय आहे. अ‍ॅग्री-फूड पायलट आणि केअरगिव्हरच्या काही मार्गांनाही ती लागू होते.

अटलांटिक इमिग्रेशन प्रोग्रामवाल्यांसाठी हे परमिट नाही. त्यांना त्यांच्या कार्यक्रमाचं, मालकाशी बांधलेलं वेगळं परमिट असतं. जोडीदाराच्या स्पॉन्सरशिपवर पीआर मागणाऱ्यांचा ओपन वर्क परमिटचा मार्गही निराळा आहे. नावात ‘ओपन’ दिसलं म्हणून एकाच्या सूचना वाचून दुसऱ्याचा अर्ज भरू नका.

आता तुमच्या बाबतीत या गोष्टी एकेक करून पाहा.

अर्ज करताना तुम्ही कॅनडात राहत आहात. तुमचं वर्क परमिट चालू आहे, किंवा मुदतवाढीचा अर्ज वेळेत केल्यामुळे तुम्ही मेंटेन्ड स्टेटसवर (निर्णय येईपर्यंत टिकून राहिलेल्या जुन्या दर्जावर) आहात, किंवा स्टेटस गेलं असलं तरी कामगार म्हणून ते परत मिळवण्याच्या मुदतीत आहात. क्युबेकचा मार्ग सोडला तर तुमचा राहण्याचा इरादा क्युबेकबाहेर आहे. आणि पीआरच्या अर्जात मुख्य अर्जदार तुम्ही स्वतः आहात.

ही शेवटची अट नवरा-बायको दोघंही नोकरी करणाऱ्या घरांत हमखास विसरली जाते. प्रोफाइल बनवताना ज्याचे गुण जास्त त्याला मुख्य अर्जदार करतात. ते बरोबरच आहे, पण ज्याचं परमिट आधी संपणार आहे तो जर जोडीदार म्हणून अर्जात असेल, तर त्याला ब्रिजिंग मिळणार नाही. जोडीदाराचं ओपन वर्क परमिट हा स्वतंत्र अर्ज आहे, त्याच्या अटी वेगळ्या आहेत आणि २१ जानेवारी २०२५ पासून परदेशी कामगारांच्या जोडीदारांसाठीचे सर्वसाधारण नियम बरेच कडक झाले आहेत. दोघांचे गुण जवळपास सारखे असतील, तर मुख्य अर्जदार कोण हे ठरवताना परमिटच्या तारखाही शेजारी मांडा. आयटीए आल्यावर हे बदलता येत नाही.

प्रांताचं नॉमिनेशन असलेल्यांनी आणखी एक गोष्ट बघायची. नॉमिनेशनच्या पत्रात ‘अमुक मालकाकडेच काम करावं’ अशी अट आहे का? असेल तर ओपन परमिट मिळणार नाही. मग प्रांताकडून वर्क परमिटसाठी सहाय्यपत्र घेऊन मालकाशी बांधलेलं परमिट मागावं लागतं. त्यासाठी मालकाला पोर्टलवर ऑफर टाकून २३० डॉलर भरावे लागतात.

तपासा: नॉमिनेशनचं पत्र पुन्हा उघडा आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. मालकाच्या अटीचं वाक्य बहुधा पहिल्या परिच्छेदात नसतं.

## पायरी २: परमिटच्या शेवटच्या तारखेपासून मागे मोजत या

बहुतेक जण आयटीए कधी येईल इथून पुढे मोजतात. तुम्ही परमिट कधी संपतंय तिथून मागे मोजा.

समजा परमिट ३० नोव्हेंबरला संपतंय आणि आयटीए १० सप्टेंबरला आलं. एक्सप्रेस एन्ट्रीत पूर्ण अर्ज करायला ६० दिवस मिळतात, म्हणजे ९ नोव्हेंबरपर्यंत. ते ६० दिवस पूर्ण वापरले तर ब्रिजिंगसाठी तीन आठवडे उरतात. एखादं पोलीस प्रमाणपत्र अडकलं किंवा जुन्या मालकाने अनुभवपत्राला वेळ लावला, तर तेही उरत नाहीत. म्हणून ज्यांचं परमिट सहा महिन्यांच्या आत संपणार आहे त्यांनी ६० दिवस हे अंक विसरून स्वतःची मुदत तीस दिवसांची धरावी.

पदवीनंतरच्या परमिटवर, म्हणजे पीजीडब्ल्यूपीवर असलेल्यांनी तर जास्तच जपायला हवं. ते आयुष्यात एकदाच मिळतं. पासपोर्टची मुदत कमी असल्यामुळे ते अपुरं मिळालं असेल तरच वाढवून मिळतं. त्यामुळे त्यांच्यापुढे ‘तोवर जुनंच वाढवून घेऊ’ हा पर्याय नसतो.

प्रांताच्या बेस नॉमिनेशनवाल्यांची अडचण वेगळी आहे. त्यांचा पीआर अर्ज एक्सप्रेस एन्ट्रीतून जात नाही, आणि तो पूर्ण आहे की नाही हे पाहून एओआर मिळायला अनेक महिने लागू शकतात. एक्सप्रेस एन्ट्रीतल्या मित्राला अर्ज केल्या दिवशीच पोच मिळाली म्हणून आपल्यालाही मिळेल असं धरून चालू नका. एओआरच्या आधी परमिट संपणार असं दिसत असेल, तर वर सांगितलेला प्रांताच्या सहाय्यपत्राचा मार्ग आत्ताच चाचपून पाहा. प्रत्येक प्रांताचा त्यासाठीचा अर्ज आणि लागणारा वेळ वेगळा आहे.

पासपोर्टची तारीखही याच कागदावर लिहा. परमिट पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत. आठ महिन्यांनी संपणारा पासपोर्ट जोडलात, तर परमिटही आठ महिन्यांचंच येईल आणि पीआर लांबला तर पुन्हा अर्ज, पुन्हा फी. वेळ हातात असेल तर पासपोर्ट आधी नवा करून घ्या. वेळ नसेल तर मात्र पासपोर्टसाठी थांबू नका. कमी मुदतीचं परमिट चालेल, पण अर्ज उशिरा जाता कामा नये.

इशारा: सीमेवर जाऊन, अमेरिकेच्या बाजूला पाऊल टाकून लगेच परत येत परमिट घेण्याची जी रीत होती, ती आता धरू नका. २३ डिसेंबर २०२४ पासून असं करणाऱ्यांना सीमेवर वर्क परमिटची सेवा मिळत नाही. अपवाद मोजके आहेत.

## पायरी ३: पीआरचा अर्ज पूर्ण आणि अचूक भरा

ब्रिजिंगचा अर्ज पीआरच्या अर्जावर टेकलेला असतो. इमिग्रेशन नियमावलीतल्या कलम १० नुसार पीआरचा अर्ज ‘पूर्ण’ आहे का हे तपासलं जातं. त्यात तो अपूर्ण ठरून परत आला, तर त्याच्यावर टेकलेला ब्रिजिंगचा अर्जही कोसळतो. घाईत अर्धामुर्धा पीआर अर्ज टाकून ब्रिजिंग मिळवू, राहिलेले कागद नंतर देऊ, हा विचार इथेच घात करतो. दोन्ही गमावून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून हे जरा कडक लिहितोय.

अर्ज परत येण्याची नेहमीची कारणं अशी आहेत.

अनुभवपत्रात कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, पगार आणि कालावधी यांपैकी काहीतरी नसतं. एचआर विभाग अनेकदा ‘अमुक व्यक्ती आमच्याकडे काम करते’ एवढंच दोन ओळींचं पत्र देतो. ते पुरत नाही. कामांची यादी तुम्ही स्वतः मसुदा करून द्या, त्यांना फक्त तपासून सही करायला सांगा.

एखाद्या देशाचं पोलीस प्रमाणपत्र नसतं आणि का नाही याचं स्पष्टीकरणही नसतं. प्रमाणपत्र वेळेत येणार नसेल तर अर्ज केल्याचा पुरावा आणि एक पानाचं स्पष्टीकरण त्या जागी जोडा. ती जागा मोकळी सोडू नका आणि तिथे कोरं पान तर मुळीच टाकू नका.

निधीच्या पुराव्याची जागा रिकामी सोडलेली असते. कॅनेडियन एक्स्पिरियन्स क्लासला निधी दाखवावा लागत नाही, तरी यंत्रणा ती जागा दाखवते. तिथे ‘मी या कार्यक्रमातून आमंत्रित असल्याने मला ही अट लागू नाही’ असं पत्र टाकायचं.

वैद्यकीय तपासणी राहिलेली असते. एक्सप्रेस एन्ट्रीत २१ ऑगस्ट २०२५ पासून ती अर्जाआधीच करून घ्यावी लागते. जुने लेख आणि जुने व्हिडिओ ‘ते बोलावतील तेव्हा जा’ असं सांगतात, त्यांच्यावर जाऊ नका.

तपासा: पीआरचा अर्ज पाठवण्यापूर्वी चेकलिस्टमधली प्रत्येक फाइल पुन्हा उघडून पाहा. नाव बरोबर आणि आत भलताच कागद, हे फार वेळा होतं.

## पायरी ४: ब्रिजिंगचे कागद एका फोल्डरमध्ये लावा

पीआरचा अर्ज गेला आणि एओआर आली, की दुसऱ्याच दिवशी या कामाला बसा. कागद फारसे नाहीत.

सगळ्यात महत्त्वाची एओआर. हे पत्र आयआरसीसीच्या, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन विभागाच्या, संकेतस्थळावरच्या तुमच्या खात्यात येतं आणि त्यावर तुमचा अर्ज क्रमांक असतो. एक्सप्रेस एन्ट्रीत तो इंग्रजी ई अक्षराने सुरू होतो. आयटीएचं पत्र, फी भरल्याची पावती, ‘अर्ज सादर झाला’ असं सांगणारा ईमेल, यांपैकी काहीही एओआर नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने आयटीएचं पत्रच ‘पीआरचं पत्र’ समजून जोडलं होतं. पीआरचा अर्ज व्यवस्थित गेलेला, एओआर खात्यात आलेली, तरी ब्रिजिंग नाकारलं गेलं. पीआरचा अर्ज सल्लागाराने किंवा वकिलाने केला असेल तर ही पोच त्यांच्या खात्यात येते, तुमच्या नाही. त्यांच्याकडून त्याच दिवशी मागून घ्या. तो तुमचा कागद आहे, तो देण्यासाठी थांबवून ठेवण्याचं कारण नाही.

बाकी कागद: चालू वर्क परमिट, पासपोर्टचं माहितीचं पान आणि शिक्के असलेली सगळी पानं, नॉमिनेशन असेल तर त्याचं पूर्ण पत्र, चेकलिस्टने मागितला तर डिजिटल फोटो.

मागितलेला नसला तरी एक कागद जोडाच, तो म्हणजे वैद्यकीय तपासणी झाल्याचा पुरावा. तपासणीनंतर डॉक्टरांकडून मिळालेलं पान पुरेसं आहे. तो नसेल तर काही जणांच्या परमिटवर ‘बालसंगोपन, प्राथमिक-माध्यमिक शिक्षण आणि आरोग्यसेवा या क्षेत्रांत काम करता येणार नाही’ अशी अट छापून येते. डेकेअरमध्ये, वृद्धाश्रमात किंवा दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठी याचा अर्थ हातची नोकरी थांबणं. पीआरसाठी तपासणी केलेलीच असते, फक्त तो पुरावा इकडे जोडायचा असतो.

शेवटी एक पानाचं स्पष्टीकरणपत्र. त्यात भावनिक काही नको. पहिल्या ओळीत ‘मी ब्रिजिंग ओपन वर्क परमिटसाठी अर्ज करत आहे, सूट संकेतांक ए७५’ असं थेट लिहा. मग पीआरचा कार्यक्रम, अर्ज क्रमांक, एओआरची तारीख, मुख्य अर्जदार तुम्हीच असल्याचा उल्लेख, सध्याच्या परमिटची शेवटची तारीख, आणि कुठल्या प्रांतात राहण्याचा इरादा आहे ते. जोडलेल्या कागदांची यादी खाली. अधिकाऱ्याला दहा फाइली उघडून जे शोधावं लागलं असतं ते एका पानावर मिळालं पाहिजे.

इशारा: खात्यातल्या प्रत्येक जागेत एकच फाइल बसते आणि तिला आकाराची मर्यादा असते, बहुधा ४ एमबी. एका जागेसाठीचे कागद एका पीडीएफमध्ये जोडा आणि आकार कमी करताना अक्षरं वाचता येतात ना ते बघा. एओआरसाठी वेगळी जागा दिसली नाही, तर ती स्पष्टीकरणपत्रामागे जोडून ‘क्लायंट इन्फर्मेशन’च्या जागेत टाका.

## पायरी ५: फॉर्म भरणं

कॅनडाच्या आतून अर्ज करताना आयएमएम ५७१० हा फॉर्म लागतो. देशाबाहेरून वर्क परमिट मागणाऱ्यांचा फॉर्म निराळा आहे आणि नावं सारखी वाटतात, तेव्हा क्रमांक बघूनच उतरवून घ्या. हा फॉर्म ब्राउझरमध्ये किंवा मोबाइलवर उघडत नाही, नुसतं ‘थांबा’ असं पान दिसतं. कॉम्प्युटरवर अ‍ॅडोबी रीडरमध्ये उघडा.

परमिटचा प्रकार निवडताना ‘ओपन वर्क परमिट’ घ्या. मालकाचं नाव, पत्ता, कामाचं पद हे रकाने ओपन परमिटला लागू नाहीत. सवयीने सध्याच्या मालकाची माहिती तिथे भरली, की अर्ज मालकाशी बांधलेल्या परमिटचा वाटू लागतो आणि मग एलएमआयए (मालकाला परदेशी कामगार ठेवण्यासाठी लागणारी सरकारी मंजुरी) किंवा ऑफर क्रमांक कुठे आहे असा प्रश्न उभा राहतो.

नोकरीचा इतिहास भरताना पीआरचा अर्ज शेजारी उघडा ठेवा. तारखा जुळल्याच पाहिजेत. पीआरमध्ये नोकरी मार्चमध्ये सुरू झाली म्हणायचं आणि इथे एप्रिल, असं झालं तर दोन्ही अर्ज एकाच माणसाच्या फाइलमध्ये समोरासमोर येतात. मधले बेरोजगारीचे महिनेही लिहा.

पार्श्वभूमीच्या प्रश्नांत ‘कधी व्हिसा किंवा परमिट नाकारलं गेलं आहे का’ असं विचारलेलं असतं. तो कुठल्याही देशाबद्दल आहे. दहा वर्षांपूर्वी अमेरिकेचा पर्यटक व्हिसा नाकारला असेल तरी उत्तर ‘हो’, आणि खाली एक-दोन ओळींत खुलासा. नकार सांगितल्याने सहसा काही बिघडत नाही. लपवल्याने मात्र चुकीची माहिती दिल्याचा ठपका येऊ शकतो आणि त्याची शिक्षा पाच वर्षं कॅनडाची दारं बंद. पीआर त्यातच जातो.

सगळं भरून झालं की ‘व्हॅलिडेट’चं बटण दाबा. शेवटी बारकोडचं पान तयार झालं तरच फॉर्म पुरा झाला. त्यानंतर एक अक्षर जरी बदललं तरी पुन्हा व्हॅलिडेट करावं लागतं.

## पायरी ६: फी

वर्क परमिटची प्रक्रिया फी १५५ डॉलर, ओपन परमिटधारकाची फी १०० डॉलर, एकूण २५५ कॅनेडियन डॉलर. हे आकडे भरण्याच्या दिवशी संकेतस्थळावर पुन्हा पाहून घ्या.

चूक होते ती दोन ठिकाणी. कोणी नुसते १५५ भरतो आणि अर्ज अपूर्ण म्हणून परत येतो. तो परत येईपर्यंत परमिट संपलेलं असतं. कोणी २३० डॉलरची मालकाची फी भरून मोकळा होतो, जिचा इथे संबंध नाही. बायोमेट्रिक्सचे ८५ डॉलर गेल्या दहा वर्षांत ठसे दिले असतील तर तात्पुरत्या अर्जासाठी पुन्हा लागत नाहीत.

## पायरी ७: पाठवण्यापूर्वी एकदा थांबा

अर्ज पाठवण्याचं बटण दाबायच्या आधी एक रात्र मध्ये जाऊ द्या, तेवढा वेळ असेल तर. सकाळी ताज्या डोळ्यांनी एवढंच बघा: जोडलेली एओआरच आहे ना, तिच्यावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव एक आहे ना, फॉर्मवर ‘ओपन’ निवडलंय ना, फी २५५ दाखवते ना, पासपोर्टची सगळी पानं आली ना.

शेवटच्या दिवसावर अर्ज ठेवू नका. संकेतस्थळ देखभालीसाठी बंद असतं, कार्ड अडतं, खात्यात शिरण्याचा कोड फोनवर येत नाही. शिवाय कॅनडात वेळेचे सहा पट्टे आहेत, तुमच्याकडचे रात्रीचे अकरा म्हणजे यंत्रणेचेही अकरा नव्हेत.

## पायरी ८: अर्ज गेला, निर्णय आलेला नाही, या काळात काय करायचं

गोंधळ सर्वांत जास्त इथे होतो, म्हणून सावकाश वाचा.

परमिट संपण्याआधी अर्ज गेला असेल तर निर्णय येईपर्यंत तुम्ही मेंटेन्ड स्टेटसवर असता. काम करता येतं, पण जुन्या परमिटच्या अटींवरच. जुनं परमिट पीजीडब्ल्यूपीसारखं ओपन असेल तर प्रश्न नाही, कुठेही काम करा. ते एका मालकाशी बांधलेलं असेल, तर ब्रिजिंग हातात येईपर्यंत त्याच मालकाकडे, परमिटवर लिहिलेल्या त्याच कामावर राहायचं. ओपन परमिटसाठी अर्ज केलाय म्हणून आपण ओपन झालो, हा समज फार पसरलेला आहे आणि फार महागात पडतो. परवानगीशिवाय केलेलं काम पीआरच्या फाइललाही बाधतं.

एचआर विभागाला हे समजावणं बहुतेकदा तुमच्याच वाट्याला येतं. परमिटवरची तारीख उलटली की त्यांची यंत्रणा लाल दिवा दाखवते आणि काही ठिकाणी कर्मचाऱ्याला घरी बसायला सांगतात. म्हणून तारीख उलटायच्या दोन आठवडे आधीच त्यांना अर्जाची पोच, फीची पावती आणि आयआरसीसीने खात्यात टाकलं असेल ते ‘काम सुरू ठेवता येईल’ असं सांगणारं पत्र द्या. ते पत्र सगळ्यांना लगेच मिळत नाही. नसेल तर पोच आणि जुनं परमिट पुढे ठेवून बोला.

सोशल इन्शुरन्स क्रमांक ९ ने सुरू होत असेल तर त्यालाही परमिटइतकीच मुदत असते. प्रांताच्या आरोग्य कार्डालाही बहुधा तसंच. आरोग्य कार्ड संपण्याआधी प्रांताच्या कार्यालयात विचारा. मेंटेन्ड स्टेटसवरच्या माणसाला कार्ड वाढवून देण्याचे नियम प्रांतागणिक वेगळे आहेत. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे काम सगळ्यात आधी करा.

प्रवास शक्यतो टाळा. मेंटेन्ड स्टेटस म्हणजे पुन्हा आत येण्याचा हक्क नव्हे. भारतीय पासपोर्टवर परत यायला वैध व्हिसा लागतोच, आणि तो असला तरी कुठल्या स्टेटसवर आत घ्यायचं हे सीमेवरचा अधिकारी ठरवतो. घरी कोणी आजारी असेल, लग्न असेल, तर जाण्याचा मोह मी समजू शकतो. जायचंच असेल तर तिकीट काढण्याआधी तुमच्या नेमक्या तारखा घेऊन अधिकृत सल्लागाराशी किंवा वकिलाशी बोला. सल्लागाराचं नाव इमिग्रेशन आणि सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या कॉलेजच्या यादीत आहे का, वकिलाचं प्रांताच्या लॉ सोसायटीकडे आहे का, ते स्वतः पडताळा.

तपासा: या काळात पत्ता बदलला तर दोन्ही अर्जांत बदला. कॅनडात दिलं जाणारं परमिट छापील कागदावर टपालाने येतं. पासपोर्ट नवा झाला तर तोही वेबफॉर्मने पीआरच्या फाइलला कळवा.

## पायरी ९: परमिट आल्यावर

पाकीट फोडल्यावर आनंदात फोटो काढून ठेवण्याआधी त्यावरची प्रत्येक ओळ वाचा. नाव, जन्मतारीख, शेवटची तारीख, कामाच्या जागेची किंवा प्रांताची अट, वैद्यकीय क्षेत्रांबद्दलची अट. चूक असेल तर लगेच दुरुस्तीसाठी कळवा. मुदत पासपोर्टच्या मर्यादेत दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. नॉमिनेशनवाल्यांनी प्रांताच्या अटीकडे खास लक्ष द्यावं. परमिट ओपन असलं तरी ज्या प्रांताने नॉमिनेट केलं तिथे राहण्याचा इरादा हा तुमच्या पीआरचा पाया आहे.

मग सोशल इन्शुरन्स क्रमांकाची तारीख वाढवा, आरोग्य कार्ड, एचआरला प्रत. वर्क परमिट म्हणजे व्हिसा नाही, तेव्हा बाहेर जायचं असेल तर पासपोर्टवर नवा व्हिसा घ्या. तो अर्ज कॅनडातूनच करता येतो.

## मुदत चुकली किंवा नकार आला तर

परमिट संपलं आणि अर्ज गेलाच नाही, तर त्या दिवसापासून काम थांबवा. ९० दिवसांच्या आत स्टेटस परत मिळवण्याचा अर्ज करता येतो आणि त्याच्यासोबत ब्रिजिंग मागता येतं. त्याची फी वेगळी आणि वर भरावी लागते. निर्णय येईपर्यंत एक दिवसही काम करायचं नाही, रोखीत नाही, मित्राच्या दुकानात ‘मदत’ म्हणूनही नाही.

मेंटेन्ड स्टेटसवर असताना नकार आला, तर काम करण्याची परवानगी त्या क्षणी संपते आणि ९० दिवस त्या दिवसापासून मोजले जातात. नकाराचं पत्र शांतपणे वाचा. एओआर जोडली नव्हती एवढंच कारण असेल तर योग्य कागदांसह पुन्हा अर्ज करता येतो. मालकाची अट किंवा मुख्य अर्जदार नसणं हे कारण असेल तर तोच अर्ज पुन्हा टाकून उपयोग नाही, दुसऱ्या प्रकारचं परमिट शोधावं लागेल. पहिला अर्ज प्रलंबित असताना खबरदारी म्हणून दुसरा टाकून ठेवावा असा सल्ला कोणी देईल. पहिला नाकारला गेला तर तो दुसरा अर्ज तुमचं स्टेटस टिकवेल यावर विसंबू नका.

आणि मध्येच पीआर मंजूर झाला तर? तसंही होतं. निवासाची पुष्टी पोर्टलवर पूर्ण झाली, की त्या दिवसापासून वर्क परमिट लागत नाही. पहिल्यांदा सोशल इन्शुरन्सच्या कार्यालयात जा आणि ९ ने सुरू होणारा क्रमांक बदलून कायमचा घ्या.